टाँग टेस्टरचा शून्य आणि आमची जळालेली मोटर



आज कांद्यावर, खतावर काही लिहीत नाही. मोटरीवर लिहितो. बऱ्याच जणांनी मागं विचारलं होतं की विहिरीवरची मोटर कशी जळाली आणि धाकट्याच्या हाताला पट्टी कशाची. तेव्हा लिहायची इच्छा नव्हती. एक तर चूक माझी होती, आणि दुसरं म्हणजे नक्की काय झालं ते मलाच कळलेलं नव्हतं. आता कळलंय, म्हणून लिहितोय. लांबण लागेल, पण ज्यांच्या विहिरीवर थ्री फेज मोटर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. उन्हाळ कांदा सत्तरेक दिवसांचा, गाठ धरून फुगायला लागलेला. या वेळेला पाण्याचा ताण बसला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आठवडा रात्रपाळीचा होता. लाईट आली की मी विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची आणि धाकट्यानं वाफ्यावर थांबायचं, अशी आमची वाटणी. मोटर ५ एचपीची मोनोब्लॉक. स्टार्टर मात्र जुन्या साडेसातच्या मोटरीचा, तोच लावून ठेवलेला. "चालतंय की" म्हणून. त्यातला ओव्हरलोड रिले आधीच मोठ्या मोटरीचा, आणि तो मागच्या वर्षी दोनदा ट्रिप झाला म्हणून मी त्याची चकती फिरवून पार १४ अँपिअरवर नेऊन ठेवली होती. आमच्या मोटरीच्या पाटीवर साडेसात अँपिअर लिहिलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रात्री एकच्या सुमाराला धाकट्यानं फोन केला, "दादा, पाणी बारीक पडलं." मी घोंगडी टाकून विहिरीवर आलो. मोटर फिरत होती, पण आवाज वेगळा. नेहमीचा सुरेल आवाज नाही, घोगरा घुमणारा आवाज. मला पहिला संशय फेजचाच आला. स्टार्टर उघडून टेस्टर लावला. पहिल्या फेजला पेटला, दुसऱ्याला पेटला, तिसऱ्यालाही पेटला, जरा मंद, पण पेटला. म्हटलं लाईट तर तिन्ही आहे. मग फुटव्हॉलमध्ये कचरा अडकला असणार, नाहीतर कुठंतरी हवा घेत असणार. मोटर तशीच चालू ठेवली आणि पाईपाची जोडणी बघत खाली उतरलो. वीस-पंचवीस मिनिटांनी वर आलो तर वास. ज्यांनी हा वास एकदा घेतलाय त्यांना परत सांगावा लागत नाही. वार्निशचा जळका, गोडूस वास. मोटर गेली होती.

इथपर्यंत नुकसान पैशाचं होतं. पुढचं सांगतो.

धाकटा वाफ्यावरून आला. चिडलेला. म्हणाला, "डीपीवर फ्यूज गेला असणार, बघून येतो." मी म्हणालो, अरे फेज तिन्ही आहेत. तरी तो गेला. आणि त्याचंच खरं होतं, एक फ्यूज उडालेला होता. त्यानं ग्रिप ओढून काढली, तार बांधली. बसवायला गेला तर खालच्या बाजूचा नट सैल. आता फ्यूज उडालाय म्हणजे वरची बाजू जिवंत आणि खालची, आपल्या लाईनकडं जाणारी बाजू मेलेली, असा त्याचा हिशेब. तुमचाही तोच असेल. माझाही होता. त्यानं पक्कड लावली, आणि बोट त्या नटाला टेकलं.

फेकला गेला. नशिबानं मागं पडला, कोरड्या मातीत पडला. बोटांची दोन पेरं भाजली, दंड दोन दिवस बधिर होता. आईला आम्ही सकाळपर्यंत सांगितलं नाही, आणि सकाळी सांगितल्यावर तिनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझ्या डोक्यातून मात्र एक प्रश्न जाईना. फ्यूज उडालेल्या तारेत करंट आला कुठून? आणि फ्यूज उडालेला असताना माझा टेस्टर तिन्ही फेजला पेटला कसा?

दुसऱ्या दिवशी मोटर भरायला नेली. वायंडर मामा जुने, चाळीस वर्षं मोटरीच भरतायत. त्यांनी बॉडी उघडली, आत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. "हे बघ." आतल्या वेटोळ्यांमध्ये दोन फेजची वेटोळी काळी ठिक्कर, आणि तिसऱ्या फेजची? तांब्याचा लालसर रंग जसाच्या तसा, जणू काल भरलेली. एक काळा पट्टा, एक काळा पट्टा, मग एक स्वच्छ, असं गोल फिरत गेलेलं. मामा म्हणाले, "सिंगल फेजिंग. एक फेज गेला, बाकीच्या दोघांनी ओझं ओढलं आणि मेले. हे वाचायला शिकायला शाळा लागत नाही." मी म्हणालो, मामा, पण टेस्टर तिन्हीला पेटत होता. मामा हसले. "टेस्टरला काय कळतंय? टेस्टर दाब सांगतो. काम कोण करतंय ते नाही सांगत. टाँग टेस्टर घे एक."

साडेपाच हजार भरणावळ. मोटर मिळाली पाचव्या दिवशी. तोवर शेजारच्यांनी दोन रात्री पाणी दिलं, त्यांचे उपकार. तरी वरच्या अंगाच्या चार वाफ्यांना पाणी पोचलं नाही, आणि एप्रिलमध्ये काढणीला त्या चार वाफ्यांत निम्मी गोल्टीच निघाली.

तर मी टाँग टेस्टर घेतला. साधाच, खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असलेला. तार कापायची नाही, सोलायची नाही, नुसती जबड्यात धरायची, अँपिअर दिसतात. मोटर बसवली, चालू केली, विहिरीच्या काठावर मोटरीकडं जाणारी केबल जबड्यात धरली. ०.०. पाणी तर धो धो पडतंय. परत धरली. ०.०. दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावले. तो म्हणाला, आणून द्या, बदलून देतो.

बदलायला नेणार तेवढ्यात लाईन बघायला वायरमन भाऊ आले होते. त्यांनी टेस्टर माझ्या हातातून घेतला, स्टार्टर उघडला आणि केबलमधली एकच तार जबड्यात घेतली. ७.२. दुसरी, ७.४. तिसरी, ७.१. मग तिन्ही एकत्र धरल्या. ०.०. "बिघाड टेस्टरमध्ये नाय," एवढंच म्हणाले आणि पुढच्या खांबाकडं गेले. मी तिथंच उभा. सात अधिक सात अधिक सात बरोबर शून्य, हा कुठला हिशेब?

उत्तर घरात होतं. मुलगी दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' म्हणून धडाच आहे. मी रात्री हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, तारेभोवती चुंबकत्व असतं. जबडा करंट मोजत नाही, ते चुंबकत्व मोजतो." आणि उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर केला. अंगठा करंटच्या दिशेनं, वळलेली बोटं चुंबकत्वाच्या दिशेनं. म्हणजे तारेतून करंट सरळ जातो, पण त्याचं चुंबकत्व तारेभोवती गोल गोल फिरतं, बांगडीसारखं.

पुस्तकातलं पटायला जरा जड जातं आपल्याला. रविवारी दोघांनी करून बघितलं. ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर ठेवली (ट्रॅक्टरजवळ केलं तर त्याच्या लोखंडामुळं होकायंत्राची सुई भलतीकडंच बघते). हेडलाईटचा जुना ५५ वॅटचा बल्ब, दोन लांब वायरी. बल्ब मध्ये ठेवायचाच. नुसती वायर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावाल तर वायर लालभडक होईल आणि हात भाजेल. शाळेतलं होकायंत्र ओट्यावर ठेवलं. सुई स्थिर झाल्यावर एक वायर सुईच्या वर दोन बोटं अंतरावर, बरोबर उत्तर-दक्षिण धरली. बल्ब लावला. सुई वळली. उत्तर सोडून निम्म्याहून जास्त फिरून थरथरत थांबली. बल्ब काढला, परत उत्तरेला. बॅटरीची टोकं उलट केली, सुई उलट्या बाजूला गेली. वायर सुईच्या खालून नेली, परत उलटी. पोरगी प्रत्येक वेळी आधी मूठ करून सांगायची कुठं वळणार, आणि तसंच व्हायचं.

मला या प्रयोगाचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की २०० वर्षांपूर्वी जगात कुणालाच हे माहीत नव्हतं. १८२० साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांपुढं व्याख्यान देत होते, तेव्हा त्यांनी तारेजवळ ठेवलेली सुई हलताना पाहिली. वीज वेगळी आणि चुंबक वेगळं असं तोवर मानत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अँपिअरनं दाखवलं की शेजारी शेजारी दोन तारांत एकाच दिशेनं करंट सोडला तर त्या एकमेकींकडं ओढल्या जातात, उलट दिशेनं सोडला तर दूर लोटतात. आपण रोज ज्याच्या नावानं मोटर मोजतो तो हाच अँपिअर. आणि अवघ्या पाच वर्षांनी इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी लोखंडाच्या नालाभोवती तार गुंडाळून विजेचं चुंबक बनवलं. आपल्या स्टार्टरमधली कॉईल म्हणजे तेच. हिरवं बटण दाबलं की कॉईलमधून करंट जातो, आतलं लोखंड चुंबक होतं आणि पट्टी खेचून धरतं, खट् असा आवाज येतो तो त्याचाच. व्होल्टेज कमी असलं की कॉईलचा करंट कमी, चुंबक लुळं, मग पट्टी धर-सोड करते आणि स्टार्टर कडकडतो. अशा वेळी बटणात काडी खोचणारे आपल्यात पुष्कळ आहेत. स्टार्टर सांगत असतो की जोर पुरत नाही, आणि आपण त्याच्या तोंडात काडी खोचतो. (मीही खोचली आहे. त्या रात्री नव्हती खोचली, एवढंच.)

आता शून्याकडं येतो. पोरीनं नंतर दोन्ही वायरी, बल्बाकडं जाणारी आणि परत येणारी, एकमेकींना पीळ घालून सुईवर धरल्या. बल्ब लख्ख पेटलेला, करंट तेवढाच, साडेचार अँपिअरच्या आसपास. सुई ढिम्म हलली नाही. जाणाऱ्या करंटची बांगडी एका दिशेनं फिरते, येणाऱ्याची उलट दिशेनं, दोन्ही एकाच जागी आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. वायरी परत वेगळ्या केल्या, सुई परत वळली.

माझ्या केबलचं हेच होतं. तीन फेजमध्ये जो करंट जातो तो कुठल्याही क्षणाला एकातून जेवढा आत जातो तेवढाच बाकीच्यांतून परत येतो. तिघांची बेरीज शून्य, म्हणून चुंबकत्वाचीही बेरीज शून्य. मोटर ठणठणीत असो की मरायला टेकलेली असो, सगळी केबल धरली की शून्यच दिसणार. एकेक तार वेगळी धरायला हवी.

पण त्या शून्याचाही एक उपयोग आहे, तो मला नंतर कळला. सगळी केबल धरूनही शून्य आला नाही, एखादा अँपिअर दिसला, तर समजायचं की गेलेला सगळा करंट परत येत नाहीये, कुठंतरी जमिनीत मुरतोय. केबल सोललेली आहे, नाहीतर मोटरीच्या बॉडीत उतरतोय. अशा विहिरीत पोहायला उतरू नका, ओल्या पाईपाला हात लावू नका. साधा टाँग टेस्टर अगदी बारीक गळती दाखवणार नाही, तेव्हा शून्य दिसला म्हणून निर्धास्त राहायचंही नाही.

टाँग टेस्टर आम्ही बॅटरीच्या वायरीलाही लावून बघितला. तिथं परत ०.०, एकच वायर धरून सुद्धा! पोरगी म्हणाली याचं कारण वेगळं. स्वस्तातल्या टेस्टरच्या जबड्यात लोखंड आणि त्यावर वेटोळं असतं, आणि त्या वेटोळ्याला बदलतं चुंबकत्व लागतं. आपल्या लाईनचा करंट सेकंदाला ५० फेऱ्या करतो, म्हणजे १०० वेळा दिशा बदलतो, ते त्याला चालतं. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं वाहतो, चुंबकत्व जागचं हलत नाही, टेस्टरला ते दिसतच नाही. होकायंत्राचं बरोबर उलटं. बॅटरीच्या तारेला वळतं, आणि मोटरीच्या तारेजवळ धरलं तर तिला इकडं वळू की तिकडं वळू हे ठरवायलाच वेळ मिळत नाही.

यावरून एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच महाराष्ट्रातली. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती, १८४० च्या दशकापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा करंट वरच्या तारेतून येतो आणि खालच्या रुळातून, जमिनीतून परत जातो. म्हणजे जाणारी आणि येणारी वाट एकमेकींपासून लांब, आमच्या पीळ सोडलेल्या वायरींसारखी. त्याचं चुंबकत्व मोजमापात घुसणार. तेव्हाचे तिथले प्रमुख नानाभॉय मूस यांनी सगळी मोजणी खाडीपलीकडं अलिबागला हलवली. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या, आणि दोन वर्षं दोन्हीकडं एकदमच नोंदी ठेवल्या, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा जुळावा. मग १९०७ मध्ये ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. आपल्या भागात पृथ्वीचं आडवं चुंबकत्व साधारण ३८-३९ मायक्रोटेस्ला आहे. साडेचार अँपिअरच्या तारेपासून दोन सेंटीमीटरवर जे चुंबकत्व तयार होतं ते ४५. म्हणजे एका हेडलाईटची वायर जवळून पृथ्वीला भारी पडते. म्हणून सुई निम्म्याच्या पुढं वळली. अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा.

हे सगळं झालं, पण धाकट्याच्या बोटाचं उत्तर अजून राहिलंच होतं. ते मी वायंडर मामा आणि पोरगी दोघांना डोकं खाऊन खाऊन जुळवलं. चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा.

मोटरीत तीन फेजची वेटोळी गोलात सारख्या अंतरानं बसवलेली असतात. तिन्ही फेज एकदम चढत नाहीत, एकामागं एक चढतात. त्यामुळं चुंबकत्वाचा जोर आधी पहिल्या वेटोळ्यात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असा गोल पळतो. मधला रोटर त्याच्यामागं धावतो. त्याला बाहेरून एकही तार नाही, नुसत्या पळत्या चुंबकत्वामागं तो फिरतो. दोन पोलची मोटर असेल तर चुंबकत्व मिनिटाला ३००० फेऱ्या करतं, रोटर थोडा मागं राहतो, म्हणून पाटीवर २८००-२९०० असं काहीतरी लिहिलेलं असतं.

एक फेज गेला की चुंबकत्व गोल पळत नाही. जागच्या जागी वर-खाली होतं, झोपाळ्यासारखं. मोटर थांबलेली असेल तर रोटरला कुठं जायचं तेच कळत नाही, नुसती गुणगुणते आणि जळते. पण आधीच फिरत असेल तर तो वेगाच्या भरात फिरत राहतो. पाणी मात्र तेवढंच उचलायचं असतं. मग उरलेल्या दोन फेजमधून करंट वाढतो, पावणेदोन पटीच्या आसपास. साडेसातचा तेरा. आणि माझ्या रिलेची चकती कुठं होती? १४ वर. तो बिचारा ट्रिप कसा होणार? पाटीवरच्या साडेसातला लावलेली असती तर पाच-दहा मिनिटांत मोटर सुटली असती आणि साडेपाच हजार वाचले असते. स्टार्टरची कॉईलही दोनच फेजवर जोडलेली असते. तिसरा गेला तर तिला पत्ताच नाही.

आता टेस्टर का पेटला? रोटर फिरतोय आणि त्याच्यात स्वतःचा करंट आहे, म्हणजे तो स्वतःच एक फिरतं चुंबक झालाय. ते चुंबक त्या रिकाम्या, तिसऱ्या वेटोळ्यावरून सेकंदाला जवळपास ५० वेळा फिरून जातं. बदलतं चुंबकत्व वेटोळ्यातून गेलं की त्यात वीज तयार होते, हे १८३१ साली फॅरेडेनं दाखवून ठेवलंय, जनरेटर त्यावरच चालतो. म्हणजे आमची मोटर दोन फेजवर मोटर होती आणि तिसऱ्या फेजवर जनरेटर! ती वीज उलटी तारेत चढते. माझा टेस्टर पेटला तो तिनं. मंद का होता, ते तेव्हाच मनात घ्यायला हवं होतं.

आणि आमची मोटर जळून बंद पडली तरी त्याच डीपीवर शेजारच्यांच्या दोन मोटरी अजून फिरत होत्या. त्यांनी उलटी पाठवलेली वीज त्याच मेलेल्या तारेत होती, आणि ती तार येऊन थांबत होती थेट त्या सैल नटापाशी. धाकट्यानं हात लावला तो मेलेल्या तारेला नव्हे. म्हणून हात जोडून सांगतो, फ्यूज उडाला म्हणजे खालची बाजू मेली हे डोक्यातून काढून टाका. एबी स्विच पाडल्याशिवाय, वायरमन आल्याशिवाय डीपीला हात नको. पीक जाऊ द्या. मी हे कांदा फुगायच्या दिवसांत चार वाफे घालवून बोलतोय.

मोटरीपुरतं म्हणाल तर नवीन स्टार्टर ५ एचपीचाच घेतला, रिले पाटीवरच्या आकड्यावर ठेवला. प्रिव्हेंटर घेताना दुकानदारानं आधी व्होल्टेज बघणारा दाखवला, स्वस्त होता. मी म्हटलं, चालत्या मोटरीनं तिसऱ्या फेजला उलटं व्होल्टेज दिलं तर हा फसेल की, माझा टेस्टर फसला तसा. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग करंट बघणारा आणला, तिन्ही तारा त्याच्या तीन भोकांतून वेगवेगळ्या जातात. प्रत्येक तारेचं चुंबकत्व तो वेगळं बघतो, एकात थांबलं की स्टार्टर सोडतो. आणि दर पंधरा दिवसांनी मी तिन्ही तारांचे आकडे वहीत लिहितो. स्टार्टर उघडा असताना आत जिवंत वीज असते, पायात कोरडी चप्पल आणि एक हात मागं. तिन्ही आकडे एकमेकांच्या आसपास असतील तर ठीक. एक जरी लांब पळायला लागला तर कुठंतरी जोड सैल आहे, नाहीतर वेटोळं जायला लागलंय.

परवा रात्री परत रात्रपाळी. साडेअकराला विहिरीवरून खट् ऐकू आलं आणि पाणी थांबलं. गेलो. प्रिव्हेंटरचा लाल दिवा लागलेला, मोटर गार. धाकटा मागून आला. बोटाचा डाग अजून पांढराच आहे त्याच्या.

"दादा, डीपीवर जाऊन येऊ का?"

मी काही बोलायच्या आत फोनवरूनच आईचा आवाज आला, तो फोन चालूच ठेवून आला होता. "सकाळी वायरमन येईल. दोघं घरी या."

आलो. कांद्याची रोपं टाकलीत, एक दिवस उशिरानं पाणी मिळालं त्यांना.